घिसाड्याची घाई आणि आपली घिसाडघाई

घाईघाईत, मन न लावता केलेल्या कामासाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. घिसाडघाई, थातूरमातूर, पाट्या टाकणं, उरकाउरकी, बिगार टाळणं, वरवरचं, कसंतरी, ढिसाळ, भोंगळ. बोलण्याच्या ओघात एकाच्या जागी दुसरा आला तरी कुणी हटकत नाही. पण नीट कान देऊन ऐकलं तर यातला प्रत्येक शब्द वेगळी तक्रार करतो. कामातलं नेमकं काय गाळलं गेलं, हे तो शब्दच सांगतो.

आधी घिसाडघाई. शब्द स्त्रीलिंगी. ‘घिसाडघाई केली’, ‘घिसाडघाईनं घेतलेला निर्णय’, ‘घिसाडघाईत राहून गेलं’ असा तो चालतो. माणसाला विशेषण म्हणून तो लागत नाही. ‘तो उतावळा आहे’ म्हणतात, ‘तो घिसाडघाई आहे’ असं कुणी म्हणत नाही. तो कृतीलाच चिकटतो, आणि तीही एखादी ठरावीक कृती असावी लागते: विधेयक, प्रवेशप्रक्रिया, उद्‌घाटन, जमिनीचा व्यवहार. म्हणूनच वर्तमानपत्रांना तो फार आवडतो. रोज सकाळी डबा भरताना होते ती धांदल. पाहुणे दारात आले आणि घरात दूध नाही, ती तारांबळ. लग्नघरातली ती लगीनघाई, आणि सणाच्या आदल्या दिवशीची लगबग. या चारांत घाई भरपूर आहे, दोष मात्र नाही. लगबगीत तर कौतुकच आहे. घिसाडघाईत दोष गृहीतच असतो. ‘आम्ही घिसाडघाईनं छान काम केलं’ हे वाक्य मराठीत उभंच राहत नाही.

या शब्दाचं नातं घिसाड्यांशी जोडलं जातं. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरून शेतीची अवजारं घडवणारा, दुरुस्त करणारा लोहार. महाराष्ट्राच्या यादीत ही जमात भटक्या जमाती (ब) या गटात आहे. गावाच्या कडेला पाल पडायचं, जमिनीत खड्डा करून भट्टी लागायची, आणि दोन-चार दिवसांत गावातली खुरपी, विळे, कुऱ्हाडी, फाळ पुन्हा धारेला लागायचे. त्या भट्टीपुढची घाई लोकांनी पाहिली आणि शब्द तयार झाला, असं म्हणतात. ते पटण्यासारखं आहे. खटकतं ते पुढचं. ज्यांची घाई पाहून शब्द आला त्यांचं काम मुळीच निष्काळजी नव्हतं.

ती घाई असते कशी ते जवळून पाहू. खुरप्यासाठी किंवा कोयत्यासाठी बहुतेकदा ट्रकच्या कमानीचा जुना पाटा वापरतात, कारण त्यात कार्बन पुरेसा असतो. साध्या सळईच्या लोखंडात तो कमी, म्हणून त्याला कितीही पाणी द्या, म्हणजे तापवून पाण्यात बुडवा, धार टिकत नाही. पाट्याचा तुकडा कोळशात सारतात, भाता किंवा हातपंखा चालू होतो. लोखंडाचा रंग बदलत जातो: मंद लाल साधारण ७०० अंश सेल्सिअसला, नारिंगी ९५० च्या आसपास, पिवळा ११०० च्या पुढे. ठोकायचं ते नारिंगी-पिवळं असताना. त्याहून वर नेलं आणि पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या, तर पोलाद जळालं समजायचं. तो भाग तोडून टाकण्याखेरीज इलाज नाही. उलट, लाली विझत आल्यावरही ठोकत राहिलं तर कडेला बारीक चिरा पडतात. त्या तेव्हा दिसत नाहीत. पुढे दगडाला पातं आपटलं की तिथूनच तुटतं.

आता हिशोब बघा. जाड पाटा भट्टीबाहेर काढल्यावर मिनिटभर तरी काम देतो. पण पातं पातळ होत गेलं की हा वेळ दहा-पंधरा सेकंदांवर येतो. तेवढ्यात सांडशीतून ऐरणीवर ठेवणं, घणाचे घाव, हातोडीनं दिशा देणं, उलटणं, पुन्हा घाव. घिसाड्यांच्या घरात घण पुष्कळदा बाईच्या हातात असतो आणि हातोडी-सांडशी पुरुषाच्या. हातोडी जिथे टेकेल तिथेच घण पडला पाहिजे. बोलायला वेळ नसतो. बघणाऱ्याला वाटतं, केवढी ही घाई! पण ही घाई लोखंडानं लावलेली आहे. तापमान उतरतंय म्हणून हात चालतोय.

आणि याच कामात एक जागा अशी आहे की जिथे घिसाडी अजिबात घाई करत नाही. ती म्हणजे पाणी देणं. पातं घडून झालं की ते पुन्हा लाल करतात आणि फक्त धारेची कड, बोटभर रुंदीची, पाण्यात बुडवतात. कड कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. मागचा भाग अजून तापलेला असतो. मग पातं बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं कड घासून चकचकीत करायची आणि थांबायचं. मागची ऊब हळूहळू कडेकडे सरकते आणि उजळलेल्या धातूवर रंग चढायला लागतात: आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण २२० ते २३० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. खुरप्याला दगडमातीत काम करायचं असतं, त्यामुळे तपकिरी सरून जांभळा लागतो आहे तोवर थांबलं आणि मग अख्खं पातं पाण्यात बुडवलं, तर धारही राहते आणि चिवटपणाही. पिवळ्यालाच बुडवलं तर धारेचे टवके उडतात. निळा ओलांडू दिला तर धार मऊ पडते, दोन वाफे खुरपले की मुडपते. हा सगळा खेळ मिनिटाच्या आतबाहेरचा. त्या मिनिटात हात स्थिर आणि नजर कडेवर.

म्हणजे घिसाड्याला दोन्ही येतं: कुठे धावायचं आणि कुठे थांबायचं. आपण ज्याला घिसाडघाई म्हणतो त्यात नेमकी थांबण्याची पायरी गाळलेली असते. बाकी सगळं केलेलं असतं. या शब्दाचं खरं क्षेत्र मला एवढंच वाटतं: ज्या कामात वाट पाहणं हासुद्धा कामाचाच भाग आहे, तिथे वाट न पाहणं. कणीक मळून लगेच पोळ्या लाटल्या आणि त्या आक्रसल्या, ही घिसाडघाई. हरकती मागवायला दिलेली मुदत संपण्याआधीच निर्णय जाहीर केला, हीसुद्धा.

थातूरमातूरची गोष्ट वेगळी. इथे वेळ असो वा नसो, न दिसणारा भाग गाळलेला असतो. हा शब्द कामालाही लागतो आणि बोलण्यालाही. ‘थातूरमातूर दुरुस्ती’, ‘थातूरमातूर उत्तर’, ‘काहीतरी थातूरमातूर कारण सांगून कटवलं’. घिसाडघाई बोलण्याला अशी लागत नाही. थातूरमातूरमध्ये समोरच्याला गप्प करण्याचा हेतू असतो: बघणाऱ्याचं तात्पुरतं समाधान व्हावं, पुढचं पुढे. त्यामुळे थातूरमातूर काम अगदी सावकाश, चहा पीत पीतसुद्धा करता येतं. वरवरचं, मलमपट्टी, रंगरंगोटी हे त्याचे सख्खे भाऊ. डागडुजी मात्र या घरातली नाही. डागडुजी म्हणजे छोटी, पण खरी दुरुस्ती. कौलं परतून, फुटकी बदलून छप्पर पावसाळ्याला तयार करणं ही डागडुजी. गळक्या जागी प्लास्टिक टाकून वर दगड ठेवणं हे थातूरमातूर.

पाट्या टाकणं यात तर एकही पायरी गाळलेली नसते. माणूस वेळेवर येतो, सांगितलेलं करतो, वेळेवर जातो. गाळलेलं असतं ते मन. मातीच्या किंवा खडीच्या पाट्या वाहणाऱ्या मजुराला पाटीच्या हिशोबानं काम. पाटी कुठे पडली, भराव नीट झाला का, याची चिंता मुकादमाची. त्यावरून हा वाक्प्रचार आला असं मानतात. वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तो नेहमी अनेकवचनी असतो; ‘त्यानं पाटी टाकली’ म्हटलं तर ती खरीखुरी पाटी. आणि तो रोज-रोज होणाऱ्या कामालाच लागतो: नोकरी, शिकवणं, मालिकेचे भाग लिहिणं. एकदाच करायच्या कामात पाट्या टाकता येत नाहीत. एखाद्यानं एकच लेख वाईट लिहिला तर तो फार तर थातूरमातूर. वर्षभर दर आठवड्याला तसाच लिहिला की पाट्या.

बिगार टाळणं हा प्रयोग आता कमी झालाय, पण त्यात इतिहास आहे. वेठबिगार म्हणजे मोबदला न देता, जबरदस्तीनं करून घेतलेलं काम. संविधानाच्या २३ व्या कलमानं बिगारीला मनाई केली आणि १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारीची पद्धत रद्द झाली. ज्याला फुकट राबवलं जातंय त्यानं काम जिवापाड करावं ही अपेक्षाच चूक. त्यामुळे ‘बिगार टाळल्यासारखं केलं’ या टोमण्यात करणाऱ्यापेक्षा करवून घेणाऱ्याचा दोष दडलेला आहे, हे टोमणा मारणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखालच्या माणसाला आजही बिगारीच म्हणतात. त्याला मजुरी मिळते, नाव मात्र जुनंच राहिलं.

या शब्दांची परीक्षा घ्यायची तर रस्त्यावरच्या खड्ड्याइतकी सोयीची जागा नाही. डांबरी रस्त्यातला खड्डा नीट बुजवायचा तर आधी त्याच्या कडा उभ्या आणि सरळ कापून चौकोन किंवा आयत करायचा, आतला सैल माल घट्ट थर लागेपर्यंत काढायचा. पाणी आणि धूळ बाहेर. मग तळाला आणि चारही कडांना पातळ डांबराचा हात, म्हणजे टॅक कोट. त्यावर गरम माल, खोल खड्डा असेल तर थराथरानं, प्रत्येक थर दाबून. शेवटचा थर रस्त्याच्या पातळीपेक्षा किंचित वर, कारण दाबल्यावर तो बसतो. दाबताना कडेकडून मधे यायचं.

डांबराचं आणि तापल्या लोखंडाचं इथे गोत्र एकच. नेहमीच्या व्हीजी ३० प्रतीच्या डांबराचा माल पसरताना १४० अंशांच्या खाली नसावा आणि ९० अंशांच्या खाली उतरण्याआधी दाबून व्हावा, असं रस्तेबांधणीचे निकष सांगतात. तेव्हा माल डंपरमधून उतरल्यावर मजूर पळापळ करताना दिसले तर नावं ठेवू नका. ती घिसाड्याची घाई आहे, अस्सल. माल गार झाल्यावर रोलर कितीही फिरवला तरी खडी एकमेकीत बसत नाही, पोकळ्या राहतात, आणि पहिल्या पावसात पाणी तिथून आत शिरतं.

घिसाडघाई ती, की उद्या दौरा आहे म्हणून पाऊस उघडायची वाट न बघता ओल्या खड्ड्यात माल ओतला. पाण्याचा थर मधे राहिला की डांबर खालच्या थराला धरतच नाही. कडा न कापता, टॅक कोट न मारता वरून काळंभोर केलं तर ते थातूरमातूर. न कापलेल्या कडेला मालाचा थर पापडासारखा पातळ होतो. चाकाखाली आधी तो सुटतो आणि मग आतला सगळा माल खडीखडीनं बाहेर येतो. आणि दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात मुरूम आणि खडी आणून ओतायची, पुढच्या वर्षी पुन्हा तेच, हे अक्षरशः पाट्या टाकणं. वाक्प्रचार आपल्या मूळ गावी परत आल्यासारखा वाटतो.

स्लॅबच्या बाबतीत घिसाडघाईचे दिवस मोजता येतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी, तापमान १५ अंशांच्या खाली गेलेलं नसताना, स्लॅबखालचे टेकू कधी काढायचे ते लिहिलेलं आहे: गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४. तुळईखालचे सहा मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१. पाणी मारणं किमान ७ दिवस. कोरड्या कडक उन्हाळ्यात किंवा राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १०. हल्ली दुकानात बहुतेक पीपीसीच मिळतं, म्हणजे राख मिसळलेलंच, त्यामुळे ‘सात दिवस मारलं की पाणी’ हा हिशोब तिथे तोकडा पडतो. सेंट्रिंगवाल्याला मात्र प्लेटा आणि टेकू दुसऱ्या साइटवर न्यायचे असतात. एक दिवस अडकले की त्याचं भाडं बुडतं. सातव्या दिवशी काँक्रीटला अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशच ताकद आलेली असते. टेकू चौथ्या दिवशी काढले तर स्लॅब लगेच पडतोच असं नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. तो थोडा झुकतो, खालून केसाएवढ्या चिरा पडतात, त्यांवर गिलावा आणि रंग चढतो. सळईला गंज लागायला आणि पोपडे पडायला पुढे कित्येक वर्षं जातात. तोवर कुणी घिसाडघाई केली हे विचारायला तो माणूसच नसतो.

नामं सोडून क्रियापदांकडे आलं की मराठीची खरी गंमत दिसते. कामाची निंदा करायला वेगळा शब्द लागतच नाही, क्रियापद बदललं की झालं. रंग दिला आणि रंग फासला. गिलावा केला आणि गिलावा थापला. कपाट लावलं आणि कपाटात कोंबलं. अधिवेशन संपलं आणि अधिवेशन गुंडाळलं. शिवण घातली आणि दोरा मारला. ‘करून टाकलं’ मधलं ‘टाकलं’ तर पाट्यांच्याच कुळातलं वाटतं.

सगळ्यात नाजूक प्रकरण ‘उरक’चं. ‘तिला कामाचा उरक आहे’ ही शुद्ध स्तुती: हात जलद चालतो, काम रेंगाळत नाही आणि नासतही नाही. पण ‘काम उरकलं’ म्हटलं की थोडी शंका येते, आणि ‘उरकून टाकलं’ म्हटलं की खात्रीच. धातू एकच, नाम कौतुकाचं, क्रियापद संशयाचं. ‘जेवण उरकून घे’ घरात ठीक आहे. ‘लग्न उरकलं’ म्हटलं की ऐकणारा कान टवकारतो, एवढी काय घाई होती? आणि बातमीत ‘अंत्यविधी उरकण्यात आला’ असं वाचलं की टोचतं. घाईनं, गुपचूप केला असं म्हणायचं नसेल तर तिथे ‘पार पडला’ किंवा ‘झाला’ हेच हवं. अशीच जोडी ‘कसंबसं’ आणि ‘कसंतरी’ची. ‘कसंबसं पूर्ण केलं’ यात कष्ट आहेत, अडचणी आहेत, सहानुभूती आहे. ‘कसंतरी पूर्ण केलं’ यात फक्त बेफिकिरी. इतरांबद्दल बोलताना माणसं दुसरं वापरतात आणि स्वतःबद्दल पहिलं!

टंगळमंगळ, चालढकल, अळंटळं हे शब्द पुष्कळदा याच ढिगात टाकले जातात, पण ती चूक आहे. त्यांत काम होतच नाही. इथे काम होतं आणि वाईट होतं. ढिसाळ आणि भोंगळ हे कारभाराला, नियोजनाला लागतात, एका वस्तूला नाही. ढिसाळ खुर्ची म्हणत नाहीत, ती खिळखिळी.

पोलिसांच्या भाषेत यातलं काहीच नाही. तिथे हयगय. ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व अविचाराने, भरधाव वेगाने वाहन चालवून’ ही अपघाताच्या फिर्यादीतली ठरलेली शब्दावली. जुन्या दंडसंहितेचं २७९ कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेचं २८१ आलं, पण शब्द तेच राहिले. ते बरंच आहे. हयगय म्हणजे जी काळजी घ्यायला हवी होती ती न घेणं, हे त्या शब्दात स्पष्ट आहे आणि कोर्टात तेच सिद्ध करायचं असतं.

म्हणून पालिकेकडे किंवा सोसायटीच्या ठेकेदाराकडे लेखी तक्रार करताना ‘अत्यंत थातूरमातूर काम’ असं लिहून उपयोग होत नाही. त्याचं उत्तरही थातूरमातूरच येतं: ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण करण्यात आलेले आहे.’ त्यापेक्षा गाळलेली पायरी लिहावी. ‘खड्ड्याच्या कडा कापलेल्या नाहीत, टॅक कोट मारलेला नाही, माल टाकताना खड्ड्यात पाणी होते’, सोबत तारीख, वेळ आणि फोटो. किंवा ‘स्लॅब अमुक तारखेला भरला, टेकू पाचव्या दिवशी काढले, पाणी चारच दिवस मारले’. विशेषणाला उडवून लावता येतं, तारखेला तेवढं सोपं नाही. थातूरमातूर हा शब्द मग फोनवर बोलताना वापरावा, आवाज थोडा चढवून.